दादाच्या जीपमधला चोर स्विच

गल्लीत त्याला सगळे टेस्टर म्हणायचे. खरं नाव लाइटच्या बिलावर होतं आणि तिथेच राहिलं. गळ्यात सदानकदा टेस्टलॅम्प लटकलेला: एक इवलासा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला सुई. कुठल्या वायरीत करंट आहे आणि कुठे तो मेलाय, हे तो सुई टोचून सांगायचा. गाड्यांचं वायरिंग हा त्याचा धंदा. इंजिनाला हात लावायचा नाही, ते शेजारच्या गाळ्यातल्या मिस्त्रीचं काम. मिस्त्री चिडवायचा, "आम्ही कोपरापर्यंत काळं व्हायचं आणि तू नुसते दिवे लावायचे." टेस्टरचं उत्तर ठरलेलं होतं. "मी दिवे लावले नाहीत तर तू काळा झालेला दिसणार कुणाला?"

काम मात्र असं, की नाव ठेवायला जागा नाही. जुन्या जीपला जादा दिवे लावायचे म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर पोतं द्यायचं, आधी पाठ तपासावी लागते. बाकीचे काय करायचे, हेडलाइटच्याच वायरीला सोलून नवा दिवा जोडायचे आणि मोकळे व्हायचे. सहा महिन्यांत वायर वितळायची. टेस्टर बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढायचा, प्रत्येक दिव्याला स्वतंत्र फ्यूज, स्वतंत्र रिले, आणि पत्र्यातून वायर जिथे आरपार जाईल तिथे रबराची बांगडी. घाई केली की म्हणायचा, "घाई असेल तर मेणबत्ती लावून चालवा."

पण त्याची ख्याती यामुळे नव्हती. ख्याती होती चोर स्विचची.

चोर स्विच म्हणजे गाडीत कुठेतरी लपवलेलं एक बोटभर बटण. ते बंद असलं की किल्ली फिरवा, सेल्फ मारा, सेल्फ घुर्र घुर्र फिरत राहील आणि गाडी काही सुरू होणार नाही. इंजिनातल्या कॉइलला करंटच जात नाही, होणार कशी? चोर बिचारा दहा मिनिटं घाम गाळणार आणि गाडीच भंगार आहे म्हणून शिव्या देत निघून जाणार. असले स्विच सगळेच बसवतात. पण टेस्टरच्या स्विचची जागा कुणाच्या बापाला सापडत नसे. आणि ती सांगायची त्याची तऱ्हाही न्यारी. काम संपलं की तो इंजिन सुरू करायचा, पेडल दाबून मोठा आवाज करायचा, मालकाला जवळ ओढायचा आणि त्या आवाजात त्याच्या कानात जागा सांगायचा. फक्त मालकाच्या. बायकोला नाही, मुलाला नाही, ड्रायव्हरला तर नाहीच. "एका कानात आहे तोवर स्विच," तो म्हणायचा, "दोन कानांत गेला की दिवाणखान्यातलं बटण. झाकली मूठ सव्वा लाखाची."

एकदा एक लाकडाचा व्यापारी आपल्याच गाडीचा स्विच विसरला. गाडी ढकलत ढकलत, बायकोला घेऊन गल्लीत आला. टेस्टर म्हणाला, "शेठ, आधी बाईंना जरा लांब उभं करा, मग सांगतो." बाई भडकल्या. "मी काय चोर आहे?" म्हणून त्यांनी जी सुरुवात केली, ती अख्ख्या गल्लीने कामं टाकून ऐकली. टेस्टर हा किस्सा वर्षानुवर्षं रंगवून सांगायचा. आता सांगत नाही. कुणी काढलाच तर कामात डोकं घालतो.

टेस्टरला वाढवलं ते दादाने. वडील लवकर गेले, तेव्हा दादा अठराचा आणि हा दहाचा. दादा जमीनमोजणीच्या कचेरीत लागला, धाकट्याला शाळेत टिकवायचा प्रयत्न केला. शाळेत धाकटा टिकला नाही, तेव्हा एक अक्षर न बोलता त्याला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेऊन बसवलं. पुढे कचेरीने आपली जुनी पेट्रोल जीप मोडीत काढली, ती दादाने घेतली. मग काय, रविवार आला की दोघे भाऊ जीपखाली. दादाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तो नुसता पाने हातात द्यायचा, तेही चुकीचे.

जीप खरी चालवायची ती वहिनींनी. दादानेच शिकवली आणि पस्तावला, कारण त्याला घराच्या फाटकातून गाडी मागे काढायला तीन वेळा मागेपुढे करावी लागे आणि वहिनी एका दमात काढायच्या. दादा कौतुकाने सगळ्यांना सांगायचा, "गाडी माझी, पण हात हिचा."

तीन वर्षांपूर्वी दादा निवृत्त झाला. त्याला आता डोंगरातले कच्चे रस्ते पालथे घालायचे होते, ज्यांच्यावर जन्मभर मोजणीच्या साखळ्या टाकल्या तेच. म्हणाला, "धुक्यात दिसत नाही रे. दिवे लाव." टेस्टरने तीन रविवार घातले. पुढे बंपरखाली दोन पिवळे दिवे, मागे एक मोठा, आत एक पंखा, आणि डॅशखाली पत्र्याच्या पट्टीवर ओळीने बटणं. असं काम त्याने गिऱ्हाइकाचंही केलं नव्हतं. आणि सगळं झाल्यावर, दादाने मागितलं नसताना, भावाला भेट म्हणून त्याने चोर स्विच बसवला. ड्रायव्हरच्या सीटखाली, सीट पुढे-मागे करायचा दांडा असतो ना, त्याच्यापासून चार बोटं आत.

इंजिन सुरू करून, पेडल दाबून, त्याने दादाच्या कानात जागा सांगितली. वर बजावलं, "दोन मिनिटं उतरलास तरी बंद करायचा. सवयच लावून घे."

दादा हसला. "आणि हिला सांगू ना?"

"वहिनींना कशाला? बायकांना सांगितलं म्हणजे दवंडीच पिटली."

हे वाक्य त्याने आपल्या तोंडाने उच्चारलं. कुणी गळा धरला नव्हता. एका माणसाने विनोद करायचा आणि दुसऱ्या साध्या माणसाने तो आज्ञेसारखा पाळायचा, असं झालं. दादा तसा मोठा, पण वायरिंगमध्ये धाकट्याचा शब्द शेवटचा, हे त्याने कधीच मान्य करून टाकलं होतं.

पुढे नऊ दिवसांनी, सकाळी सातच्या सुमाराला, दादा आणि वहिनी घाटावरच्या तलावापाशी गेले. दादाने गाडी लावली, उतरला, पाण्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला आणि छाती दाबत परत आला. वहिनींनी त्याला बाजूच्या सीटवर रेलून बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. पाय पोचेनात म्हणून सीट पुढे ओढली. किल्ली फिरवली. सेल्फ फिरला. गाडी सुरू झाली नाही.

परत मारला. चोक ओढला, पेडल मारलं, परत सेल्फ. पेट्रोलचा भपकारा यायला लागला. फोनला रेंज नाही. दादाला बोलता येत नव्हतं, घशातून नुसता आवाज. त्याने हात खाली सोडला आणि बोटं हलवून दोन सीटांच्या मध्ये काहीतरी दाखवलं. तिथे पाण्याची बाटली पडलेली होती. वहिनींनी ती उचलून त्याच्या तोंडाला लावली. दोन घोट गेले. परत हात खाली. परत पाणी. मग सेल्फचा आवाज बसत बसत बंद झाला, बॅटरी संपली. वहिनी तिथून दोन किलोमीटर डांबरी रस्त्यापर्यंत धावत गेल्या, दुधाची गाडी थांबवली, तिला घेऊन वर आल्या. दवाखान्यात पोचले तेव्हा दादा गेलेला होता. वहिनींनी डॉक्टरांना विचारलं, "लवकर आणलं असतं तर?" डॉक्टर चांगले होते, काही बोलले नाहीत. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते वहिनींनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जीप आणायला टेस्टर आणि मिस्त्री गेले. मिस्त्री दुसऱ्या गाडीतून बॅटरी काढत होता, तेवढ्यात टेस्टरने जीपचं दार उघडलं. सीट पुढे ओढलेली. आत बसता येईना म्हणून त्याने दांड्याला हात घातला, आणि बोट स्विचला लागलं. स्विच बंद होता.

मिस्त्री मागून ओरडला, "काय रे, काय निघालं?"

"पेट्रोल चढलंय, प्लग भिजलेत," टेस्टर म्हणाला. "बॅटरी बसलीय."

खोटं नव्हतंच ते. पेट्रोल चढलंच होतं, बॅटरी बसलीच होती. मिस्त्रीने प्लग काढून पुसले, तोवर याने सीटखाली हात घालून स्विचच्या दोन वायरी काढल्या, एकमेकींना पिळल्या, वर टेप गुंडाळला. चोर स्विच आता नावापुरता राहिला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

घरी माणसं बसलेली होती. वहिनींनी सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊजी, काय झालं होतं हो गाडीला?"

आणि टेस्टर बोलून गेला, "काही नाही वहिनी. पेट्रोल चढलं होतं. घाबरून पेडल मारलं की होतं तसं."

घाबरून! अरे बाबा, नुसतं "पेट्रोल चढलं" म्हणून थांबायचं होतंस. पण नाही. चोराच्या मनात चांदणं. आपल्याकडे कुणी बघू नये म्हणून त्याने सगळ्यांना वहिनींकडे बघायला लावलं. आणि सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी हळहळून म्हणालंसुद्धा, "बाईमाणूस, एकटी, घाबरणारच." वहिनींनी मान हलवली. त्या दिवसापासून त्या स्टिअरिंगला शिवल्या नाहीत. जीप अंगणात ताडपत्रीखाली गेली.

टेस्टर दर रविवारी वहिनींकडे जायचा. पूर्वी जीपसाठी जायचा, आता चहाला. कुणी पाहुणा आलेला असला की वहिनी ती सकाळ सांगायच्या, आणि शेवट नेहमी एकच असायचा. "माझ्या हातून गाडी सुरू झाली नाही. दहा वर्षं चालवत होते, आणि नेमकी त्या दिवशी मी घाबरले." मग म्हणायच्या, "पण पाणी मागितलं त्यांनी, तेवढं मात्र माझ्या हातून मिळालं. दोनदा मागितलं, दोनदा दिलं."

टेस्टर मूग गिळून बशीकडे बघत बसायचा. तो हात पाणी मागत नव्हता, हे जगात त्याला एकट्यालाच माहीत होतं. दादाला बोलता येत नव्हतं आणि तो बोटांनी स्विच दाखवत होता. शेवटच्या क्षणी तरी धाकट्याचा नियम मोडायला निघाला होता.

सांगावं असं त्याला कितीदा वाटलं. सांगितलं की वहिनींच्या डोक्यावरचा दोष उतरेल. पण त्याच तोंडाने ते पाणीही काढून घेतलं जाईल, त्याचं काय? त्या एवढ्याच आधारावर उभ्या होत्या. मग तो मनाशी म्हणायचा, नकोच, त्यांच्या भल्यासाठीच नको. सबब अगदी खोटी होती असंही नाही, आणि म्हणूनच ती तीन वर्षं पुरली. घरी आल्यावर बायको म्हणायची, "वहिनींकडून आलात की तुम्ही जेवत नाही. तिथे खाता का काही?" हा म्हणायचा, "हो."

नवे चोर स्विच बसवणं त्याने बंद केलं. गिऱ्हाईक विचारायचं, तर म्हणायचा, आता चोरच राहिले नाहीत. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

मग या वर्षी दादाची मुलगी जीप घेऊन गॅरेजवर आली. आली म्हणजे दोरीने ओढून आणवली. पोरगी जनावरांची डॉक्टर झाली होती, आणि तिची नेमणूक अशा डोंगराळ भागात झाली होती की जिथे चांगली गाडी टिकायची नाही.

"काका, बाबांची जीप घेऊन जाणार मी," ती म्हणाली. "आणि आईलाही. आता यादी घे. टपावर समोर लांब पट्टीचा दिवा. मागे दोन, गोठ्यात उजेड पडला पाहिजे, गाय अडली की मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून काम करते मी. लशींसाठी छोटा फ्रिज, तो रात्रभर चालला पाहिजे. टायरमध्ये हवा भरायचा पंप. फोन चार्ज करायला दोन जागा."

"डायनॅमो बघितलास का हा? एवढं ओझं त्याला पेलणार आहे का?" टेस्टर म्हणाला. "फ्रिजला वेगळी बॅटरी द्यावी लागेल. नाहीतर सकाळी लस गार आणि गाडीही गार."

मिस्त्री पलीकडून ओरडला, "एक गाईलाही बसायला जागा ठेवा म्हणावं!"

पोरगी हसली. तिचं हसणं दादासारखं होतं, आधी डोळे बारीक आणि मग आवाज. म्हणाली, "आणि काका, तुझा तो फेमस चोर स्विच. तो पाहिजेच. जंगलात गाडी उभी करून मी वाड्यावस्त्यांवर जाणार. कान आणू का जवळ?"

टेस्टरने हातातला चिमटा खाली ठेवला. "तो नको," तो म्हणाला.

"का? सगळ्यांना बसवलास ना? मला एकटीलाच नाही?"

"नको म्हटलं ना."

काका असा तोडून कधी बोलत नसे. मग ती दुसराच विषय काढावा तसं म्हणाली, "आई गाडी चालवत असती ना, तर मला किती बरं पडलं असतं. तिकडे एक बोलावणं या टोकाला, एक त्या टोकाला. मी तिला म्हटलं, आई, परत बस ना स्टिअरिंगवर, मी आहे शेजारी. तर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, माझ्या हाताने एक माणूस घालवलं, आता तुझी जबाबदारी नको माझ्यावर." तिने नाक पुसलं. "उरलेले दिवे दुपारी आणून देते," म्हणाली आणि गेली.

मिस्त्रीने नवी बॅटरी आणि ताजं पेट्रोल घालून इंजिन सुरू करून पाहिलं, मग टेस्टर जीपखाली शिरला. जादा दिव्यांचं जुनं सगळं वायरिंग उपसायचं होतं. एकेक वायर सुटत गेली, पिवळ्या दिव्यांची, मागच्या दिव्याची, पंख्याची. प्रत्येक वायरीवर त्याचा टेप, त्याच्या हाताची वळणं. मग सीटखाली हात गेला. तीन वर्षांपूर्वी पिळलेला तो जोड हाताला लागला. घाईत केलेला, वेडावाकडा, टेप सुटलेला. इतका घाणेरडा जोड त्याने शिकत असतानाही केला नव्हता. दुसऱ्या कुणाचा असता तर गल्लीभर दाखवला असता.

मिस्त्रीने दोनदा हाक मारली. मग तो बाहेर आला, हात पुसले, आणि वहिनींना फोन लावला.

"वहिनी, गॅरेजवर याल का? आत्ता. गाडीपाशीच सांगायचंय काहीतरी."

वहिनी आल्या. जीपपासून चार हात लांब उभ्या राहिल्या. "काय झालं भाऊजी? पोरगी काही बोलली का तुम्हाला?"

टेस्टरने स्टूल पुढे केलं, त्या बसल्या नाहीत. मग त्याने सांगितलं. तीन वर्षं मनात घोकलेली वाक्यं एकही आली नाहीत. नुसतं म्हणाला, "त्या दिवशी पेट्रोल तुमच्यामुळे चढलं नाही. गाडीत मी चोर स्विच बसवला होता. तो बंद होता. तो बंद असला की देव आला तरी गाडी सुरू होत नाही. दादाला माहीत होता. तुम्हाला सांगू नको, असं मी त्याला सांगितलं होतं."

वहिनींना एकदम कळलं नाही. मग म्हणाल्या, "कुठे होता?"

त्याने सीटखाली बोट दाखवलं. त्या जवळ आल्या, वाकल्या, हात घालून चाचपडलं. दांडा लागला, मग स्विच लागला.

"इथे हात घातला होता मी," त्या म्हणाल्या. "सीट ओढायला."

"हो."

"त्या आठवड्यात ते गाडीतून उतरताना सारखे खाली वाकायचे. मी विचारलं, काय करता हो? तर म्हणाले, सीट करकरते." त्या सरळ उभ्या राहिल्या. "ते माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते. एकदाच बोलले म्हणायचे, तेही तुमच्यासाठी."

पलीकडे मिस्त्रीने ग्राइंडर बंद केला होता आणि तो पाठ करून उभा होता.

वहिनींची नजर सीटवरून बाजूच्या सीटकडे गेली, तिथून मधल्या जागेकडे. टेस्टरला कळलं की आता ते येणार. त्याला वाटलं, काहीतरी बोलून मध्येच अडवावं. पण त्याने अडवलं नाही.

"म्हणजे पाणी नव्हते मागत ते," वहिनी म्हणाल्या.

"नाही वहिनी."

"मी दोनदा पाजलं."

त्या स्टुलावर बसल्या. रडतील असं त्याला वाटलं, रडल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्या हातांकडेच बघत बसल्या. मग म्हणाल्या, "चुकून झालं असं म्हणून मी सोडून दिलं असतं, भाऊजी. स्विच बसवलात, चेष्टेत बोललात, माणूस बोलतो. पण दर रविवारी आलात. माझ्या हातचा चहा प्यायलात. मी चारचौघांत म्हणायचे, मी घाबरले, मी घालवलं, आणि तुम्ही ऐकून घेतलंत. एकदा सुद्धा जीभ रेटली नाही तुमची?"

"पाणी मागितलं म्हणायचात तुम्ही. ते मोडवेना मला."

"ते माझं मी बघितलं असतं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मी घाबरले नव्हते. तेव्हाही मला वाटत होतं, मी सगळं बरोबर करतेय. चोक बरोबर, पेडल बरोबर. मग तुम्ही म्हणालात, घाबरलात, तर मला वाटलं, कामातला माणूस सांगतोय, घाबरलेच असणार."

त्या उठल्या. "आता सुरू होते का ही?"

"होते. दिवे लावायचे राहिलेत. फ्रिजची बॅटरी..."

"किल्ली द्या."

त्याने किल्ली दिली. दोन्ही बाजूंच्या सुटलेल्या वायरी घाईघाईने गुंडाळून आत कोंबल्या, आणि मागे सरकला. वहिनी आत चढल्या. सीट पुढे ओढली. क्षणभर हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. मग चोक ओढला, सेल्फ मारला. गाडी सुरू झाली.

गॅरेजचं तोंड अरुंद, एका बाजूला मिस्त्रीचं उघडं इंजिन, दुसऱ्या बाजूला टायरांची थप्पी. वहिनींनी खांद्यावरून मागे पाहिलं आणि जीप एका दमात बाहेर काढली. तीन वर्षांत हात जरासुद्धा विसरला नव्हता. एवढा हात टेस्टरने ताडपत्रीखाली घालून ठेवला होता.

रस्त्यावर जीप उभी करून वहिनींनी काच खाली केली. "पोरीला मी काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगायचं. सगळं. पाण्याचंही. आणि त्या दिवशी घरात जे जे बसलेले होते, त्यांना एकेकट्याला गाठून कानात सांगू नका. पुढच्या रविवारी मी सगळ्यांना बोलावते. तुम्ही या. चहाला नाही, सांगायला."

जीप गेली. मिस्त्रीने ग्राइंडर परत सुरू केला.

दुपारी पोरगी रिक्षातून उतरली. काखेत लांब पट्टीच्या दिव्याचा खोका, हातात पिशव्या. रिकामी जागा बघून दचकली. "काका! गाडी कुठाय?"

"तुझी आई घेऊन गेली."

"कुणाबरोबर?"

"एकटीच. चालवत."

खोका तिच्या काखेतून सुटता सुटता राहिला. "आई? आई चालवत गेली?" तिने पिशव्या तिथेच टाकल्या आणि टेस्टरच्या तेलकट शर्टाची पर्वा न करता त्याला मिठी मारली. रडत होती आणि हसत होती. "काका, काय बोललास रे तू तिला? तीन वर्षं मी डोकं फोडतेय. कसं जमवलंस तू? थँक यू काका, खरंच. तुझे उपकार मी कधी विसरणार नाही."

टेस्टरने तिचे हात खांद्यावरून हळूच काढले. तिला स्टुलावर बसवलं, स्वतः समोर टायरावर बसला, आणि म्हणाला, "आधी ऐकून घे."